मोडक्या शिंगाची बैलगाडी

माय, आज पुसदला जाऊन आले आणि डोकं फिरलं आहे. घरात तोंड उघडलं तर भांडण होईल, म्हणून तुला लिहिते. गिऱ्हाइकांना मेसेज लिहून लिहून माझं लिहिणं पुस्तकी झालं आहे, तुला परकं वाटेल. तू गेल्यावर मी मोबाइलवर दुकान काढलं. रुखवतात मांडायच्या वस्तू विकते, सप्तपदीची पावलं, तुळशीवृंदावन, नवरानवरीच्या नावाची पाटी, असं. फोटो टाकते, ऑर्डर आली की खोक्यात भरून कुरिअरवाल्याला देते. चौथी शिकलेली बाई दुकान चालवते म्हणून उमरखेडातल्या बाया तोंडावर कौतुक करतात आणि माघारी हसतात. हसू देत. माझं दुखणं वेगळं आहे. माल मी बनवत नाही. पुसदचा एक जण कॉम्प्युटरवर डिझाइन काढतो आणि मशीनवर पातळ लाकडातून कापून देतो. जे मला देतो तेच तो दहा जणींना देतो. माझीच पावलं दुसऱ्या बाईच्या दुकानात दिसतात. या लग्नसराईत कोणाकडे नाही असं काही मांडलं नाही तर दुकान बंद करावं लागेल, हे मला दिसत होतं. म्हणून माळ्यावरून माझ्या रुखवतातली, तू हाताने केलेली बैलगाडी खाली काढली.

तिच्यावरची धूळ पुसता पुसता माझ्या लग्नाआधीचे दिवस आठवले. तू चुलीपाशी बसली आहेस, तव्यावर भाकर आहे आणि मांडीवर जुन्या लुगड्याचा बैल. त्याच्या पोटात तू आपल्याच वावरातला कापूस कोंबते आहेस. गाडी तुरीच्या वाळल्या तुराट्यांची, शिंगं झाडूच्या काड्यांची, वरून काळा दोरा गुंडाळलेला. एका बैलाचं एक शिंग तू अर्ध्यातच सोडलं. आपल्या एकशिंग्याने गोठ्याच्या दारात अडकवून मोडून घेतलं होतं, अगदी तसं. मी दोरा घेऊन ते पुरं करायला गेले तर तू हातावर चापट मारलीस. "राहू दे. दोन्ही शिंगं केली तं तो दुसऱ्याचा बैल होईन." तेवढ्यात भाकर करपली आणि त्याचीही बोलणी मीच खाल्ली. मग मांडवात रुखवत मांडलं तेव्हा माझ्या सासूने तो बैल उचलून चार बायांत तुला म्हटलं, "ईनबाई, बैल तुटला वाटते." तू टोपलीत लाडू रचत होतीस, मान वर केली नाहीस. "तुटला नाही. असाच आहे आमचा." मला तेव्हा तिथून पळून जावंसं वाटलं. सासरी पहिल्या वर्षी मात्र घरची आठवण आली की मी त्याच शिंगाला बोट लावून पाहायची.

तर त्या गाडीचा फोटो पुसदच्या माणसाला पाठवला आणि सांगितलं, हिच्यासारखी हुबेहूब काप, शिंगासकट. तो हो म्हणाला. मग त्याने डिझाइन पाठवलं, त्यात दोन्ही बैलांना दोन्ही शिंगं. मी पुन्हा सांगितलं, तो पुन्हा हो म्हणाला. असल्या होकाराचा मला फार राग येतो. शेवटी आज सकाळच्या एसटीने गेले. त्याचं दुकान म्हणजे एक मशीन, जळक्या लाकडाचा वास आणि बसायला एक स्टूल.

"या काकू, बसा. चहा सांगतो."

"चहा राहू दे. बैल दाखव आधी."

त्याने सॅम्पल समोर ठेवलं. गुळगुळीत गाडी, गोल चाकं, चार शिंगं.

"एक शिंग मोडकं पायजे होतं. किती डाव सांगू तुले?"

"काकू, आमी एकच बैल काढतो आन् त्यालेच उलटा करून दुसरा बनवतो. कॉम्प्युटरवर असंच राह्यते."

"तू बैल पाह्यला काय कधी?"

"आमच्या घरी ट्रॅक्टर आहे." असं म्हणून तो हसला. मग समजूत काढायला लागला. "मोडक्या शिंगाचा बैल पाठवसान तं लोकं म्हणतीन माल तुटका आला. परत कोण घेईन? तुमीच घेसान."

मला राग आला तो याचा की तो बरोबर बोलत होता. मागे एका पाटीचा कोपरा उडाला होता, तर त्या बाईने फोटो काढून सगळ्यांना दाखवला होता. मी स्टुलावर टेकले तसं त्याला वाटलं जमलं. म्हणे, "नाहीतं असं करा. खाली लिहू, आईच्या बैलाची आठवण. लोकायले स्टोरी आवडते, काकू. धडाधड विकते."

"तुह्या मायची लिही," मी म्हटलं.

मग तोही चिडला. त्याने सॅम्पल उचललं, एक शिंग चिमटीत धरलं आणि तट्कन मोडलं. "घ्या. झाला तुमचा बैल." मशीन चालूच होतं. मग मी म्हटलं, दोन्ही शिंगांच्याच काप, आणि ऑर्डर देऊन निघाले. मोडलेलं सॅम्पल पिशवीत टाकलं. त्याने अडवलं नाही.

एसटीत सगळा रस्ता तुझ्याशी भांडत आले. तूच म्हणाली होतीस ना, दोन्ही शिंगं केली तर तो दुसऱ्याचा बैल होतो. मग मी दुसऱ्यालाच तर विकते आहे. त्यांच्या घरचा बैल धडधाकट असेल, आपल्या बैलाची खोड त्यांच्या पोरीच्या रुखवतात कशाला? असं सगळं बरोबर जुळवलं तरी डोकं शांत होत नाही. तू असतीस तर एका वाक्यात हो किंवा नाही म्हणून मोकळी झाली असतीस, आणि मी तुझ्यावर फुगून बसले असते. आता फुगायला पण कोणी नाही.

घरी आल्यावर तुझ्या जावयाने पिशवीत डोकावलं. "तुटका कायले उचलून आणला?" मी फट्कन म्हटलं, "तुटला नाही. असाच आहे आमचा." पण वाक्य माझ्या तोंडात बसलं नाही, कारण हा तुटलेलाच आहे. शिंग मुळापासून गेलं आहे. आपल्या एकशिंग्याचं अर्ध्यातून गेलं होतं.

तरी फेकवलं नाही. दोन्ही गाड्या फ्रिजवर शेजारी ठेवल्या आहेत. तुझ्या गाडीचं एक चाक झिजलं आहे, ती कलते. लिहिते आहे तो हा पार्सलात भरायचा खाकी कागद आहे, घरात दुसरा सापडला नाही. लिहून झालं की घडी करून त्या चाकाखाली सरकवीन. आणि एक सांगते, रागावू नको. विकायची गाडी दिसायला तुझ्या गाडीपेक्षा चांगली झाली आहे. पुसदला त्याने समोर ठेवली तेव्हाच मला ते दिसलं होतं. भांडण मी ते दिसल्यावर काढलं.