चौथं पाणी

कारारा,
९ मार्च २०१५

प्रिय मिरेल्ला,

तू खुशाल असशील, त्रिएस्तेतलं बोचरं वारं आता जरा निवलं असेल. इथे आम्ही ठीक. माझा गुडघा बदलला, त्यामुळे ऑर्गनची पेडलं बेतानंच दाबतो. तुझा भाऊ एत्तोरे अजून गिटार वाजवतो, पण ऊन पाण्यात धरल्याशिवाय त्याची बोटं वळत नाहीत.

आपला बँड पुन्हा उभा राहिलाय, हे तुझ्या कानावर आलं असेल. एकेचाळीस वर्षांनी नवी रेकॉर्ड. पहिलीसारखीच, अथपासून इतिपर्यंत एकच गोष्ट. पहिल्या रेकॉर्डमधला खाणकामगार संगमरवराच्या डोंगरात गेला तो परतलाच नाही. यात त्याची बायको त्याला शोधायला निघते. गायला नोएमी नावाची पंचविशीची मुलगी आहे. तोंडावर सांगते, "आजोबा, तुमचा ऑर्गन आवरा जरा. मला श्वास घ्यायला जागा ठेवा."

बघ, अजून मुद्द्यावर येत नाहीये. तू म्हणायचीसच, नेव्हिओची नुसती प्रस्तावना वीस मिनिटांची.

जानेवारीत नोएमीनं तिसरं गाणं पहिल्यांदा म्हटलं. त्यात बायको नवऱ्याचा सदरा धुते. तीन पाणी घामासाठी, चौथं पांढऱ्या धुळीसाठी. एत्तोरे वाजवता वाजवता थांबला, माझ्याकडे वळला.

"चौथं पाणी आमच्या आईचं. तुला कुठून कळलं?"

"तूच कधी बोलला असशील," मी म्हणालो.

"आई कपडे धुवायची तेव्हा मी जवळ फिरकायचोही नाही. मिरेल्ला असायची."

मग सांगावंच लागलं. आता तुलाही सांगतो. तुझी गाण्यांची वही हरवली नव्हती.

पहिल्या रेकॉर्डच्या वेळी तू परीक्षेला पिसाला गेली होतीस, तेव्हा रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं विचारलं होतं, "शब्द कुणाचे?" मी म्हणालो, "माझे." विशीतल्या पोराच्या तोंडून निघून गेलं, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण तू परत आलीस, पुराव्यासाठी वही मागितलीस, आणि मी म्हणालो, स्टुडिओ हलवताना कुठे गेली कोण जाणे. ते काही निघून गेलेलं नव्हतं. वही मी लपवली होती. एत्तोरेनं माझं खरं मानलं आणि वडिलांसमोर तुला मत्सरी म्हटलं. तू घर सोडलंस. वडिलांच्या अंत्यविधीला तुम्ही दोघं चर्चच्या दोन टोकांना बसलात. मी मधल्या बाकावर होतो. तेव्हाही बोललो नाही.

नव्या रेकॉर्डचे शब्दही त्याच वहीतले.

एत्तोरे नऊ दिवस आला नाही. दहाव्या दिवशी आला तो उभ्याउभ्याच बोलला. "रेकॉर्ड झाली तर तिच्या नावानं, तिनं हो म्हटलं तर. आणि तिला तू लिही. मी कुठल्या तोंडानं लिहू? खोटं तू बोललास, पण सख्खी बहीण सोडून विश्वास तुझ्यावर मी ठेवला."

जुन्या रेकॉर्डबद्दलचं खरं मी इथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. रविवारी छापून आलं. पावाच्या दुकानात लोक आता माझ्याशी बोलताना खाली बघतात. काम थांबवलंय. तू नाही म्हणालीस तर ही रेकॉर्ड निघणार नाही. नोएमीही म्हणाली, "बाईंनी होकार दिल्याशिवाय मी गाणार नाही."

शेवटचं गाणं तुझ्या वहीत अर्धंच आहे. बायको खाणीच्या तोंडाशी येते, पुढे पान कोरं. मी महिनाभर खटपट केली. एक ओळ जमली नाही.

हे पत्र टपालानं पाठवणार होतो. एत्तोरे म्हणाला, "दे इकडे. वहीसकट मीच नेतो." म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा तो तुझ्या दारात टोपी हातात घेऊन उभा असेल. त्याला आत घे, मिरेल्ला. दोन गाड्या बदलून आलाय.

माझ्यासाठी काही मागत नाही.

तुझे शब्द चाळीस वर्षं स्वतःचे म्हणून मिरवलेला,
नेव्हिओ