बाहेरची कडी

२ ऑक्टोबर
आज हवामान केंद्रावर रुजू झाले. खोली छान आहे. दोन खिडक्या, दोन्हींतून समुद्र. बॅरोमीटर अचूक, वायुवेगमापक नवा कोरा. केंद्रप्रमुखांना सगळे मोठे साहेब म्हणतात. त्यांनी माझं प्रमाणपत्र न उघडताच परत दिलं आणि हातात जोर आहे का, एवढंच विचारलं. स्वयंपाकाच्या मावशी हसून म्हणाल्या, मागच्या ताई फार टिकल्या नाहीत, तुमची तरी चादर धुवायची वेळ येऊ दे.

५ ऑक्टोबर
दुकानदाराने साबण बांधता बांधता विचारलं, यंदाच्या तुम्हीच का. हो म्हणाले. नंतर त्याने मान वर केली नाही.
दुपारी केंद्राचं दार तपासलं. आत-बाहेर करायला हे एकच. लाकडी दाराबाहेर पोलादी झडप आहे, पण तिची कडी बाहेरून लागते. बांधतानाच उलटी बसवली गेली. वेल्डर दोन तासांत बदलेल, असं साहेबांना सुचवलं. ते म्हणाले, तुम्ही हवा मोजा, दाराचं आम्ही बघतो.

९ ऑक्टोबर
समुद्राचं तापमान साडेएकोणतीस अंश. साडेसव्वीसच्या वर गेलं की चक्रीवादळाला खाद्य मिळतं. दक्षिणेला एक तयार झालं आहे, इकडेच सरकतं आहे. पक्की इमारत आमचीच, म्हणून गावातली माणसं राहायला आली. मी सरकून जागा केली, तर बायकांनी चटई उचलून लांब पसरली.
झडपेच्या बाहेरच्या अंगाला ओरखडे आहेत, छातीच्या उंचीवर. चार-चार, समांतर. उडालेल्या पत्र्याचे असतील. अंतर मोजलं. माझी बोटं त्यांत बरोबर बसतात.

११ ऑक्टोबर, सकाळ
वारा ताशी एकशे ऐंशी. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. मागची भिंत सोसते आहे. वादळाने रेटलेला समुद्र रस्त्यावर, कमरेच्या वर.

दुपारी १.४०
वारा थांबला. ऊन. वादळाचा डोळा, मधला शांत भाग, आमच्यावर आहे. साहेब म्हणाले, पर्जन्यमापक पाहून या. ही वही घेऊन गेले. मागे लाकडी दाराला अडसर पडला.

२.१०
साहेबांनी आतून शांतपणे समजावलं. आता वारा उलट फिरेल, थेट दारावर येईल. नुसतं लाकूड टिकणार नाही. आत सत्तेचाळीस माणसं. झडप लावून घ्या. दरवेळी नवीन माणूसच लावतो. मावशी म्हणाल्या, ताई, राग धरू नका, आत माझी नात आहे.

२.१९
डोळा वीस किलोमीटर रुंद, सरकतोय ताशी पंचवीसने. म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. उरली नऊ. रस्ता पाण्याखाली—

२.२५
क्षितिजावर ढगांची भिंत. आवाज आधी पोचतो—
अडसर काढा, मी ओरडले. 
आतून विचारताहेत, लावली का.
पुन्हा. साहेबांचा आवाज आता तसा शांत ना—
लावली का, ताई. सगळे एकदम—
हो म्हणाले. लावली, मी म्हणाले. कडी अजून उघडीच, माझ्या हा—