बेअरिंगची भोकं आणि चंद्रभानकाका

८ सप्टेंबर २०२५, सोमवार
नत्थुजींच्या वर्कशॉपमधलं क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं, ड्रॉइंगचं कॅड सॉफ्टवेअर आज मी स्वतःच्या हाताने काढून टाकलं. त्या जागी फ्रीकॅड. फुकट, मुक्त, कोणाची चोरी नाही. अमरावतीच्या एमआयडीसीत हे पहिल्यांदाच घडलं असावं. कोणाला विचारलेलं नाही.
नत्थुजी म्हणाले, पोरी, पक्ष लागला, आता पंधरा दिस नवं काम कोनी सुरू करते का. मी शांतपणे सांगितलं की सॉफ्टवेअरला पितृपक्ष नसतो. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. चंद्रभान गावंडे. वर्षानुवर्षं इथली ड्रॉइंग तेच काढायचे. मागच्या वर्षी गेले. माझी खुर्ची त्यांचीच आहे. डावा कोपर टेकायची जागा झिजून गुळगुळीत झालीय.
माझा भुताखेतांवर विश्वास नाही. विषय निघाला म्हणून लिहून ठेवते.

९ सप्टेंबर
मोठी ऑर्डर! शेंदूरजनाघाटचे संत्रा व्यापारी वकारभाई यांना ग्रेडर हवाय. फिरणाऱ्या रोलरांच्या फटीतून लहान संत्री आधी पडतील, मोठी पुढे जातील. दसऱ्याला द्यायचा. नत्थुजींनी सगळ्यांसमोर शब्द दिला, मशीन बरोबर चाललं तर पितळी प्लेटवर ‘आरेखन’ या शब्दापुढे माझं नाव.
रात्री अकोल्याला बाबांना फोन. आमच्या घरात मी पहिली ग्रॅज्युएट, आणि बाबा जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात कापड फाडतात. प्लेटचा फोटो पाठव म्हणाले. आवाज बसला होता. सर्दी असेल.

११ सप्टेंबर
फ्रीकॅडची गंमत अशी की त्यात जे नाही ते बाहेरचं कोणीही लिहून जोडू शकतं. त्याला अ‍ॅड-ऑन म्हणतात. दिसतील तेवढे घातले. नटबोल्टचा एक, गिअरचा एक, एक कशाचा ते कळलं नाही पण चित्र छान आहे.
संकल्प: स्वतःचा अ‍ॅड-ऑन. नाव ‘नारिंगी’. फट किती ते सांगा, अख्खी चौकट भोकांसकट तयार. अ‍ॅड-ऑन कसा लिहावा याची मार्गदर्शिका आहे, पण ती नवशिक्यांसाठी दिसते.

१५ सप्टेंबर
नारिंगी तयार. जगासाठी इंटरनेटवर टाकला. तक्रारींचा रकाना रिकामा. म्हणजे तक्रार नाही.
दुपारी ३. वकारभाईंचा फोन, इस साल माल मोटा है, फट वाढवा. वाढवली आणि डबा खायला गेले. परत येऊन पाहते तर बेअरिंगची भोकं, जी मी चौकटीच्या बाहेरच्या बाजूला दिली होती, ती आतल्या बाजूला.
माउस हलला असेल.

१६ सप्टेंबर
भोकं बाहेर आणली. फट बदलली. भोकं आत. कोड तपासला. बरोबर आहे, मीच लिहिलाय.
नत्थुजींना दाखवलं. ते स्क्रीनवर वाकले. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, चंद्रभान बेअरिंग आतूनच लावत होता. दाऊदचाचा, आमचे वेल्डर, काच वर करून आले आणि म्हणाले, बेटा, उस की कुर्सी पे मत बैठ.
मी हसले. एकटीच.

१८ सप्टेंबर
दुपारी लाइट गेली. सगळी मशीनं एकदम थांबली की शेडमध्ये जी शांतता होते ती मला आवडत नाही. खर्ऱ्याचा वास आला, तंबाखू-सुपारीचा, चंद्रभानकाका खायचे तो. जवळपास कोणी नव्हतं. खुर्चीच्या झिजलेल्या जागेवर हात ठेवला तर कोमट. माझा कोपर तिथे नव्हताच.
लाइट आली. कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला. भोकं आत.
शास्त्रीय पद्धतीने विचार केला. दोनच शक्यता. एक, माझा कोड चुकला. दोन, दुसरं काहीतरी आहे. पहिली शक्यता तपासून झालेली आहे.
खुर्ची बदलली. पाठ दुखते म्हणून.

२० सप्टेंबर
आईने अकोल्याहून एसटीने पाठवलेल्या डब्यात लिंबं आणि मिरच्या होत्या. ठेवायला जागा नव्हती, मॉनिटरला बांधल्या.
नत्थुजींनी मला स्पष्टच विचारलं, तू शिकलेली हायस, तुले काय वाटते, चंद्रभानच हाय का. मी म्हटलं, हो. तांत्रिकदृष्ट्या दुसरं कारण शिल्लक राहत नाही. इंजिनिअर असं म्हणते म्हटल्यावर त्यांनी लगेच काकांच्या घरी अकोल्याला फोन लावला.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावस्या
अकोल्याहून इंदूबाई आल्या. चंद्रभानकाकांच्या पत्नी. बारीकशा, डोक्यावर पदर. कॉम्प्युटरसमोर वडे, खीर आणि खर्ऱ्याची पुडी ठेवली. आधी मला विचारलं, खरंच हायेत का वो थे यात. मी मान हलवली.
मग त्या स्क्रीनशी बोलल्या. अवो, पोट्टीचं काम काहून बिघडवून राह्यले? मग बोलता बोलता घरचंच निघालं. न्हाणीचं छप्पर गळते, पोरगी तुमच्यासारखीच हट्टी निघाली, तुमच्या चपला अजून दारातच हायेत, मले उचलवत नाईत. मधेच स्क्रीन काळी झाली. इंदूबाई म्हणाल्या, झोपले पाहा. घरीबी माह्यं बोलनं अर्धं झालं की असेच झोपत. मी माउस हलवला, स्क्रीन उजळली, आणि त्यांनी उरलेलं सगळं बोलून घेतलं.
दाऊदचाचा वेल्डिंगची काच खाली घेऊन रडले. मला धुळीची अ‍ॅलर्जी आहे.

२४ सप्टेंबर
भोकं आतच.
नारिंगीला पहिली तक्रार आली! पोर्तुगालमधला कोणी संत्रेवाला. लिहितो, फट बदलली की बेअरिंगची भोकं दुसऱ्या बाजूला पळतात.
अंगावर काटा आला. चंद्रभानकाका पोर्तुगालला पोचले.

२४ सप्टेंबर, संध्याकाळी
नत्थुजींना सहज विचारलं, काका परदेशात कधी गेले होते का. ते म्हणाले, थो तं अकोला-अमरावतीच्या पुढं गेला नाई कदी, बसमदी ओकत होता.

२५ सप्टेंबर
मार्गदर्शिका उघडली. पहिलंच पान, ठळक चौकट. भोक कोणत्या बाजूला पाडायचं ते नुसत्या नंबराने सांगू नका. माप बदललं की बाजूंचे नंबर बदलतात, आणि भोक नंबराच्या मागे जातं.
माझ्या कोडमध्ये: बाजू क्रमांक सहा. एकच ओळ. माझी.
दुरुस्त केली. फट वाढवली, कमी केली, परत वाढवली. भोकं जागची हलली नाहीत. दुपारभर तिथेच बसून होते. वास नाही, काही नाही. शेड इतकी रिकामी कधी वाटली नव्हती.
पोर्तुगालला माफी मागितली. तो सोपा भाग होता.

२८ सप्टेंबर, रविवार
अकोला. इंदूबाईंना खरं सांगायचंच, असं बसमध्ये घोकत गेले. दारात चपला नव्हत्या. विचारलं तर म्हणाल्या, देऊन टाकल्या कोनाले तरी, त्या दिवशी मन मोकळं झालं, आता कायले ठेवू. इतक्या वर्षांत पयल्यांदा मले पूर्ण बोलू देल्लं त्याईनं.
तरी मी सांगितलं. ते नव्हते, चूक माझी होती, एक ओळ. इंदूबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, त्याईची चूक आपल्या अंगावर घेऊन राह्यली तू. नोको घेऊ माय. मी जनमभर तेच केलं.
चहा पिऊन निघाले. बाबांकडे गेले नाही. बस चुकली असती.

२९ सप्टेंबर
नत्थुजींना सांगितलं. त्यांनी विचारलं, मंग अमावस्येनंतरच कसं थांबलं? मी म्हटलं, अमावस्येनंतर चार दिवसांनी, मी दुरुस्त केल्यावर. ते म्हणाले, हाव, जायले तेवढा वेळ लागतेच.
उद्या नीट कागदावर काढून समजावते.

३० सप्टेंबर
समजावलं नाही. घाई होती.

२ ऑक्टोबर, दसरा
ग्रेडर चालला! वकारभाईंनी स्वतः टोपली ओतली. लहान लहानांत, मोठी मोठ्यांत, एकही फळ चुकलं नाही. वकारभाई म्हणाले, माशाअल्लाह, चंद्रभानजी का हाथ है. त्यांना कोणी सांगितलं कळत नाही. दाऊदचाचा वर पाहत होते.
नत्थुजींनी प्लेटवरचा फडका काढला.
आरेखन: कै. चंद्रभान गावंडे.
मी नत्थुजींकडे पाहिलं. ते खरोखर गोंधळले. म्हणाले, पोरी, तूच तं सांगतलं, थेच हायेत म्हून. तुह्या शिक्षनावर इश्वास ठेवला मी. पुढच्या मशीनवर तुह्यं नाव टाकू. पर्मनंट केलं म्हणाले. पेढा दिला.
बाबांचे तीन मिस्ड कॉल. नेटवर्क नव्हतं असं सांगणार आहे.
नाव सोडून प्लेटचं ड्रॉइंगही मी नारिंगीतच काढलं होतं. स्क्रूची चारही भोकं अगदी जागेवर आहेत.