पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

६ नोव्हेंबर, दुपारची सुट्टी

बारके,

आशीर्वाद. तू आता काही बारकी राहिली नसशील, पण हात दुसरं काही लिहायला तयार नाही. मेहुणे बरे असतील, लेकीची शाळा नीट चालू असेल, असं धरून चालते. तीन वर्षांत विचारायची सोय तू ठेवली नाहीस, आणि मीही काही कमी नाही. दोघी आईवर गेलोय.

माझं चाललंय. तीच लॅब, खिडकीजवळची तीच मोरी, निळी-केशरी झालेली तीच नखं. तपासणीला आलेल्या बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाचा नमुना काचेवर पसरून येतो. तो मी रंगवायचा आणि डॉक्टरबाईंनी सूक्ष्मदर्शकातून बघायचा. दिवसाला साठ-सत्तर काचा होतात. नाव पेन्सिलीनं लिहायचं, शाई स्पिरिटात धुऊन जाते. घरी एकटीपुरता स्वयंपाक, त्यातलाही अर्धा उरतो. रेडिओ लावून ठेवते, घरात कुणीतरी बोलत राहावं म्हणून.

पाल्हाळ पुरे. आरोग्य केंद्राच्या शिक्क्याचं एक पत्र तुझ्या नावानं येईल, कदाचित आलंही असेल. त्यात लिहिलंय की तपासणीत बदललेल्या पेशी दिसल्या, पुढच्या तपासणीसाठी या. घाबरू नकोस. तू म्हणशील, मी कधी गेले होते तपासायला? नाहीच गेलीस. ती काच माझी आहे.

झालं असं. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना मी सांगत सुटते, दर तीन वर्षांनी तपासून घ्या, काही होत नसलं तरी घ्या. स्वतः मात्र कधी गेले नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शेवटी मनाचा हिय्या करून लांबच्या केंद्रात गेले, जिथं मला कुणी ओळखत नाही. पण तिथल्या काचाही आमच्याच लॅबला येतात. माझं नाव टेबलावर आलं असतं तर चहापर्यंत सगळ्यांना कळलं असतं. म्हणून तुझं सांगितलं. नर्सनं पत्ता विचारला, तर तोंडातून तुझाच आला. न टाकलेल्या पाकिटांवर लिहून लिहून तो पाठ झालाय.

वाटलं होतं, अहवाल लॅबमधूनच परस्पर काढून घेईन. काही दिसलं की केंद्र थेट घरी पत्र टाकतं, हे सोळा वर्षं तिथं घासूनही मला सुचलं नाही. ती काच मीच रंगवली गं. तुझं नाव वर, खाली मी. वाळल्यावर चोरून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मी डॉक्टर नाही, पण इतक्या वर्षांत काळ्या, फुगलेल्या पेशी मलाही ओळखू येतात. काच ट्रेमध्ये परत ठेवली आणि पुढची घेतली. दुसरं करणार काय? शेजारी सांगायला कुणी नव्हतं.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

आई गेल्यावर स्वयंपाकघरात तू मला विचारलंस, "ताई, तू असल्या ठिकाणी काम करतेस आणि तुला काहीच कसं कळलं नाही?" मी म्हणाले, तिनं सांगितलंच नाही. खोटं बोलले. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तिच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं होतं. तिनं मला सांगितलं होतं. म्हणाली, "बारकीला बोलू नकोस, ती घर डोक्यावर घेईल." पाळी बंद झाल्यावर रक्त दिसलं तर एक दिवस थांबायचं नसतं, हे मला माहीत होतं. दाखवायला चल, असं मी तिला दोनदा म्हटलं, तिनं विषय बदलला, आणि मीही बदलू दिला. आठ महिने, बारके. तू घर डोक्यावर घेतलं असतंस तर बरं झालं असतं.

तुझा राग खरा होता, फक्त कारण तुला अर्धंच माहीत होतं. आता पूर्ण माहीत आहे. हवं तर आणखी राग धर.

काल डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जगाच्या काचा जपतेस आणि स्वतःची लपवतेस?" कर्करोग आहे असं त्या म्हणालेल्या नाहीत. भिंगातून बघून छोटा तुकडा काढणार, तो तपासणार. अशा पेशी वेळेत काढल्या तर बहुतेकदा तिथंच निभावतं म्हणे. हेच मी शंभर जणींना सांगितलंय. स्वतःला सांगताना मात्र जीभ अडखळते. मला भीती वाटते गं.

नाव दुरुस्त करायला ते मूळ पत्र लागेल. फाडू नकोस. पोस्टानं पाठवलंस तरी चालेल. पण येत्या वीस तारखेला सकाळी दहाची वेळ आहे, आणि अर्जात सोबत येणाऱ्याचं नाव विचारलंय. तुझं लिहिलंय. पेन्सिलीनंच, पण इथं स्पिरिट नाही, खोडरबर आहे. नाही म्हणालीस तर खोडीन. मागच्या वेळी विचारलं नव्हतं, या वेळी विचारते.

आणि आलीस किंवा नाही आलीस, तुझी स्वतःची तपासणी करून घे. तुझ्या नावाची खरी काच अजून कुणी बघितलेली नाही.

स्वतःच्याच नावानं वाट बघणारी,
ताई