सरोवराखालचं राज्य, भाग एक ते चार

४ फेब्रुवारी

घोटा मोडला! तोही कसा — मीच घासूनपुसून तयार केलेल्या कवळीवर पाय पडून. वरची कवळी, चौदा दात. टेबलावरून निसटली, मी झेलायला धावले, आणि पुढचं आठवतं ते थेट लॅबचं छत. कवळीवर ओरखडासुद्धा नाही. सत्तेचाळीसाव्या वर्षी कळलं, माझं काम फारच पक्कं आहे.

सहा आठवडे प्लास्टर. बाबा हॉस्पिटलात म्हणाले, "तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात लोंबकळून काम केलं मी. कधी खरचटलं नाही." आभारी आहे, बाबा!

६ फेब्रुवारी

कंटाळा. पंख्याला तीन पाती आहेत. परत मोजली. तीनच.

७ फेब्रुवारी

धाकट्याचा फोन. "ताई, 'सरोवराखालचं राज्य' परत बघायचं? चारही भाग! तू तिकडे, मी इकडे, फोन चालू ठेवून."

एक्केचाळीस वर्षांचा घोडा आणि आवाज आठ वर्षांचा. पण मीही लगेच हो म्हटलं. लहानपणी आम्ही ते सिनेमे इतक्यांदा पाहिले की मी राजपुत्र व्हायचे आणि तो बोलका बगळा. कपाटावरून उडताना बगळ्याचा पुढचा दात पडला होता. माझ्या व्यवसायाची सुरुवात तिथूनच म्हणायची.

फोनवर त्याचं नाव ऐकताच बाबा उठून बाल्कनीत गेले. तीन वर्षं बापलेकांत अबोला. धाकट्याने लिफ्टचं काम सोडलं आणि नाटकांची सरकती, फिरती नेपथ्यं बनवायला लागला, एवढाच गुन्हा. "माणसं वरखाली न्यायची सोडून हा पडदे वरखाली करणार!" — हे बाबांचं शेवटचं वाक्य. ते त्याला एकदा म्हणाले, मला आजवर शंभरदा.

९ फेब्रुवारी

भाग पहिला. अरे देवा!

काळा सेनापती — ज्याच्या भीतीने धाकटा पांघरुणात शिरायचा — त्याने अंगावर चक्क पायपुसणं घेतलंय. कडेची शिवणसुद्धा दिसते. आणि सुळे! इतके सैल बसवलेत की "सर्वनाश" म्हणताना वरचा सुळा जिभेवर येतो. माझ्याकडे आणला असता तर एका दुपारीत नीट करून दिला असता.

राजपुत्राचं तर बोलायलाच नको. अकराव्या वर्षी मी त्याच्याशी लग्न ठरवून मोकळी झाले होते. आज बघते तर पूर्ण सिनेमाभर तोंड उघडं! नाकाने श्वास घे रे बाळा.

आणि ती दुष्ट मावशी, जिला आम्ही शिव्या घालायचो? ती म्हणते काय — जंगलात जायचं तर सांगून जा, स्वेटर घाल, अनोळखी पक्ष्यांशी बोलू नकोस. शब्द न शब्द बरोबर!

"ताई, तू मावशीच्या पार्टीत गेलीस," धाकटा कळवळून म्हणाला. गेले खरी.

१० फेब्रुवारी

भाग दुसरा. बाबा कोपऱ्यात पेपर वाचत होते, म्हणजे वाचायचं सोंग. राजपुत्राने चाक फिरवून किल्ल्याचा पूल उचलला आणि पेपर खाली आला.

"पलीकडचं वजन कुठाय?"

"कसलं वजन, बाबा?"

"पूल उचलायचा तर दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन लागतं. नाहीतर चार पैलवानांना हलणार नाही. आणि हे पोरगं एका हाताने फिरवतंय!"

फोनमधून धाकटा: "त्यांना सांग, वजन भिंतीआड असेल."

"त्याला सांग, भिंतीआड असतं तर साखळी वरून आली असती. बाजूने नाही."

"त्यांना सांग, मध्ये कप्पी असेल."

"त्याला सांग, मग ती कप्पी दाखव!"

दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं. तरी मी मध्ये बसून इमानाने निरोप पोचवत होते! अर्धा तास. पडद्यावर बगळा चोच वासून थांबलेला.

१२ फेब्रुवारी

भाग तिसरा. बाबा सुरुवातीलाच खुर्ची ओढून बसले. "पाठ दुखते, ही खुर्ची बरी." बरं.

बगळ्यावर त्यांचा राग आहे. "बोलता येतं ना याला? मग रस्ता पहिल्याच भागात का नाही सांगितला?"

धाकट्याचं आज सिनेमाकडे लक्ष नव्हतं. मध्येच म्हणाला, "ताई, बाबांना विचार — पूल वर जाताना निम्म्यावर अडकला तर काय बघायचं?"

"सिनेमातला?"

"नाही. माझा."

नव्या नाटकासाठी त्याने खराखुरा उचलता पूल बनवलाय. नायिका त्यावर उभी असते. आठवड्यावर प्रयोग आला, आणि पूल रोज निम्म्यावर जाऊन हिसका देतो. काल ती बिचारी पडता पडता वाचली.

बाबांनी माझ्यापुढे हात पसरला. "दे इकडे तो फोन."

तीन वर्षांनी लेकाशी पहिले शब्द काय? कसा आहेस? जेवलास का? छे! "कप्पीची खाच झिजलीय का बघितलंस?"

चाळीस मिनिटं बोलत होते. मला रडू आलं. प्लास्टरमुळे उठून दुसरीकडे जाता येईना, म्हणून बगळ्यासमोरच रडून घेतलं.

१३ फेब्रुवारी

बाबा पाने-पकडी, ग्रीस आणि दोन शर्ट घेऊन सकाळच्या बसने गेले. सहा तासांचा प्रवास. मला म्हणाले, "फोनवर कप्पी दिसत नाही." खालच्या मजल्यावरची नर्स सकाळ-संध्याकाळ डोकावून जाईल.

आई गेल्यापासून सहा वर्षं बाबा माझ्याकडेच आहेत. घर आज पहिल्यांदा इतकं रिकामं.

१६ फेब्रुवारी

पूल चालला! धाकट्याने फोटो पाठवला — वर नायिका, खाली बापलेक. दोघांचे डावे हात कमरेवर, दोघांच्या कपाळावर तीच आठी. तिथली पोरं बाबांना "वजनकाका" म्हणतात म्हणे. बाबांना आवडतं, पण तसं ते मान्य करत नाहीत.

१९ फेब्रुवारी

फितुरी! दोघांनी मला सोडून चौथा भाग बघितला!

"ताई, बाबांना दमच निघेना," धाकटा म्हणाला. "आणि शेवटी बगळा उडून जातो ना, तेव्हा बाबा रडले."

मागून आवाज: "ग्रीसचा हात डोळ्याला लागला होता!"

२२ फेब्रुवारी

बाबांचा फोन. ते आता तिथेच राहणार, धाकट्याबरोबर काम करणार. मी म्हटलं, "बाबा, माझ्याशिवाय करमेल तुम्हाला?" ते म्हणाले, "अगं, मला इतकी वर्षं काळजी तुझीच होती. आई गेली, तू एकटी पडशील, म्हणून राहिलो मी तुझ्याजवळ."

आणि मी — बाबांना एकटं कसं टाकायचं म्हणून दोनदा परगावची नोकरी नाकारली!