खांडेनवमीला बंद केलेला लॅपटॉप

आबा, तुमचा आवाज गेला. सगळा न्हाय, अर्दा. अर्दा ऱ्हायलाय आन् त्यानंच जीव खाल्लाय. सगळा गेला असता तर मी म्हनले असते, मानूस गेला तितं आवाजाचं काय घिऊन बसायचं. मला रडारड जमत न्हाय, तुमाला म्हाईतच हाय. असं कागदावर लिवत बसनं बी जमत न्हाय, सातवीतनं शाळा सोडलेलीला किती जमनार. पन बोलायला हितं कुनी न्हाय. तुमची नात बार्शीला सासरी. फोन केला की आदी तिची सासू काय म्हनली त्ये सांगती, मग पोरांचा खोकला, मग म्हनती, आई ठिवते गं, कुकर झाला. म्हनून कॅलेंडरची जुनी पानं फाडून घेतली आन् शिलाई मशीनवरच बसले लिवायला.

तिचा त्यो लॅपटॉप आटवतो का? कॉलेजात असताना घेतलेला. तुमी त्याला वरनं खालनं बगून म्हनला व्हता, "एवढ्याशा पेटीत काय मावतंय गं?" लगीन झाल्यावर ती नवा घिऊन गेली आन् ह्यो माज्याकडं ऱ्हायला. मी दुपारची टॉवेलच्या काठाला शिलाई मारत बसते तवा त्याच्यावर कीर्तन लावते. म्हंजी लावायची. मला त्यातलं दोनच कळायचं, चालू करायचं बटन आन् कीर्तनाची जागा. बाकी कुटं हात लावला न्हाय. येवस्थित चालला व्हता. यंदा गनपती उठले आन् त्यो बिगडला. बटन दाबलं की भाकऱ्या थापून व्हायच्या तरी उगडायचा न्हाय. आन् आतनं टिक्, टिक्, टिक्. थांबायचं, परत टिक्. बुवा कीर्तनात मदीच तोंड उगडं टाकून थांबायचे. मी काय केलं, एक चापट मारली. लागला की चालू. दुसऱ्या दिवशी दोन मारल्या. मला वाटलं जमलं आपल्याला. ह्याला दुकानात कशाला न्ह्यायचं, मार खाल्ल्याशिवाय चालत न्हाय एवढंच की.

तुमी असता तर कान धरला असता. एकदा धरलाच व्हता. मी लहान, चादरीच्या कारखान्यात तुमचा डबा घिऊन गेले आन् तितंच सुताच्या कांड्या भरत बसले. एका मागाचा धोटा अडकला म्हनून मी कांड्यांचा डबा त्याच्या बाजूवर हानला. तुमी जॉबर, सगळ्या मागांचं दुखनंखुपनं तुमच्याकडं. तितनं आला तरातरा आन् माजा कान पिळून म्हनला, "मुक्याला मारतीस व्हय गं? त्ये काय तरी सांगतंय. आदी कान लाव." मग सोता वाकून लोखंडाला कान लावला. डोळे मिटलेले, मिशीला सुताची पांढरी फुनगी. मला म्हनला, तू बी लाव. मी लावला. गार लोखंड आन् तेलाचा वास, दुसरं काय बी कळलं न्हाय. तुमी इचारलं, "आलं का ऐकू?" मी म्हनले, "आलं आलं." मला भूक लागली व्हती.

तर लॅपटॉप बिगडल्याचं पोरीला सहज बोलले. म्हनलं भंगारवाल्याला देते आता. तिकडं तिनं गॅस बंद केला. मग म्हनली, "अगं आई, त्यात आज्जोबांचा आवाज हाय." मला आटवंना. तिनं आटवून दिलं. कॉलेजात कसलं तरी काम दिलं व्हतं, घरातल्या म्हाताऱ्या मानसाला जुन्या कामाचं इचारायचं आन् त्ये भरून ठिवायचं. तुमी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाटावर बसला व्हता, ती लॅपटॉप मांडीवर घिऊन समोर. मी चुलीपाशी. म्हंजी गॅसपाशी, तुमी मरेपतूर चूलच म्हनला. मी कडक भाकऱ्यांचा घाणा काढला व्हता. तुमी तासभर बोलत व्हता आन् मी एक अक्षर ऐकलं न्हाय. म्हनलं, म्हाताऱ्याला आयतं गिऱ्हाईक घावलंय, बोलू दे. त्याच्या पुढच्या वर्षी तुमी गेला. ह्याला आता तप होऊन गेलं. एवढ्या वर्सात त्ये उगडून ऐकावं असं मला एकदा बी वाटलं न्हाय. हाय की घरातच, कुटं पळतंय.

"दुसरीकडं कुटं ठिवलं न्हाईस?" मी इचारलं.

"न्हाय गं. मला वाटलं तू जपून ठिवलायंस."

"मी ठिवलाय की. वर इनलेला रुमाल बी घातलाय."

आमच्याच गल्लीच्या तोंडाला एक दुरुस्तीवाला हाय. माज्याच वयाला आलेला, चष्मा कायम कपाळावर. त्याला सांगाय गेले तर म्हनला, "मौशी, उचलून आनू नक्को. हलवूच नक्को. मीच येतो." आला, बसला, चालू केला आन् काय बी न करता नुसता ऐकत बसला. टिक्, टिक्. मला तवा तुमची लई आटवन झाली, उटून च्या टाकला.

"हार्डडिस्क गयी समझो," त्यो म्हनला. "मारला का ह्येला?"

"हळूच."

"हळूच," म्हनला आन् हसला. मग एक नवी डबी जोडली. म्हनला, ह्यातलं त्यात उतरवायचं, लई सावकाश व्हनार, उद्या सांजपतूर चालंल. "कामाचं काय हाय त्ये सांगा मौशी, त्ये आदी घिऊ."

मला काय म्हाईत कुटं काय हाय. पोरीला फोन लावला, तिनं उचलला न्हाय. मी म्हनले, "निवडत कुटं बसता, सगळंच घ्या, काम उरका." त्यानं सगळंच लावलं. जाताना उंबऱ्यात थांबून दोनदा सांगितलं, "बंद करू नक्को मौशी. काय बी झालं तर बंद करू नक्को. एकदा निजला की परत उटंल ह्येचा भरवसा न्हाय." मी म्हनले, व्हय व्हय, मला काय भैरी समजला का.

आन् दुसऱ्या दिवशी खांडेनवमी.

आबा, तुमाला सांगायला नगं. तुमच्या घरात दसऱ्यापेक्षा ह्यो दिवस मोटा. आदल्या दिवशी दिवस मावळायला कारखाना बंद, माग पुसून लख्ख, खांडेनवमीला हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. त्या दिवशी माग चालवायचा न्हाय म्हंजी न्हाय. एकदा मालक सोता घरी आला व्हता, मला दिसतंय अजून, दारात चप्पल न काडता हुबा. कुटला तरी मोटा माल अडला व्हता. म्हनला, दोनच माग चालव, कुनाला कळतंय. तुमी हात जोडले. "मालक, वर्सभर तुमचा. आज त्येचा दिवस हाय. आज मी त्येला उटवनार न्हाय." मालक गेल्यावर आई म्हनली, नोकरी घालवता का. तुमी जेवत बसला. मी त्ये तवापासनं पाळत आले. खांडेनवमीला माजी शिलाई मशीन बंद, कात्री बंद, मिक्सर बंद. चटणीला शेंगा उखळातच कुटते. पोरगी हसती, म्हनती मग फ्रिज बी बंद कर. त्ये मी करत न्हाय, दूध नासतंय.

सकाळी आंगोळ करून मशीनवर माळ घातली. कात्री, इळी, मिक्सर मांडला. आन् शेजारी ह्यो टिक्टिक् करत व्हता. रात्रीतनं अर्द्याच्या पुढं गेलेला. पन सकाळपासनं एका जागी अडकलेला. मी पुजा मांडली तवा बी तितंच, नैवेद्य झाला तरी तितंच. पडद्यावरची हिरवी पट्टी हलायला तयार न्हाय आन् आतनं टिक्, टिक्, जरा थांबून टिक्. हात लावून बगितला तर तव्यासारखा तापलेला. माज्या हातात कुंकवाचा करंडा. मला वाटलं, ह्यो दमलाय. सगळी यंत्रं निजली आन् ह्येला एकट्याला आपन रात्रंदिवस जुपलाय, आन् कशासाटी, तर तुमच्या आवाजासाटी. तुमीच उटून म्हनला असता, त्येला आज ऱ्हाऊ दे. दुरुस्तीवाल्याचं आटवत व्हतं मला. न्हाय असं न्हाय. पन एक दिवसाचा तर प्रश्न, उद्या दसऱ्याला उटवू. मी झाकन मिटलं, भिताडावरचं बटन बंद केलं. टिक्टिक् थांबली. वर कुंकू लावलं, झेंडूचं एक फूल ठिवलं. घर कसं शांत झालं. मला बरं वाटलं, आबा. खरंच बरं वाटलं.

दसऱ्याला आपट्याचं पान ठिवून बटन दाबलं. तीन बारक्या टिचक्या आल्या आन् संपलं. परत दाबलं. चापट मारली न्हाय ह्या खेपंला. हात ठिवून बसले.

दुरुस्तीवाला आला. कुंकू बगितलं, झेंडू बगितला, चष्मा डोळ्यावर घेतला. मीच म्हनले, "बोला की. म्हातारीला अक्कल न्हाय म्हना." त्यो म्हनला, "माज्या अब्बाची बी मशीन व्हती मौशी, आमी बी जुम्म्याला बंद ठेवायचो." मग मी इचारलं, चालू ठिवला असता तर? म्हनला, "आला बी असता. न्हाय बी आला असता." जावयानं ती डिस्क पुन्याला पाठवली, तितं आतनं उगडून काडतात म्हनं. आतल्या चकतीला वरखडे पडलेत म्हनून परत आली. साबनाच्या वडीएवढी हाय, जड.

नव्या डबीत फोटू आलेत, कीर्तनं सगळी आलीत. आन् तुमी. सकाळपासनं जितं अडकलं व्हतं त्ये तुमच्यापाशीच अडकलं व्हतं. दुरुस्तीवाल्यानं लावून दिलं आन् म्हनला मी बाहेर थांबतो.

आदी माज्या भाकरीचा आवाज येतो. थप् थप् थप्. तुमच्यापेक्षा मोटा. त्याच्या मागनं तुमी खोकता. मग मिलचा भोंगा, पयला पगार, आईला घेतलेलं लुगडं, सगळं सांगत जाता. मदी मी वरडते, "आबा, च्या गार व्हतोय." तुमी म्हनता, "व्हऊ दे." मग पोरगी इचारती, "आज्जोबा, खांडेनवमीला माग कदीच न्हाय चालवला?"

तुमी हसता. "कदीच न्हाय कसं? एकदा चालवलाय की."

मी मशीनवर बसले व्हते, हातातला टॉवेल खाली पडला.

मग तुमी आवाज बारीक करता. भाकरी चालूच, थप् थप्. तुमी म्हनता, "तुज्या आईला सांगू नगंस हां. तिच्या..."

तितं संपतंय. पुडं काय न्हाय. घरघर बी न्हाय.

पोरीला इचारलं, पुडं काय म्हनला व्हता आज्जोबा. ती म्हनली, "लई वर्स झाली गं. काय तरी हळूच सांगितलं आन् मी हसले, एवढंच आटवतंय." मी तिला म्हनले, माज्या लग्नातल्या चादरीचं व्हतं का? ती लगेच म्हनली, "व्हय व्हय, चादरीचंच." मला कळतंय की. आईचं मन राखायला म्हनली.

पन मला चादरच वाटती. आपल्या घरात पास माल कदी आलाच न्हाय, आबा. कुटं तार तुटून रेघ पडलेली, कुटं डाग, कारखान्यानं बाजूला टाकलेली नापास चादर तुमी आनायचा, आन् आमी सगळी भावंडं त्याच रेघांखाली निजलो. एकच चादर नीट, माज्या लग्नातली. मोर हाय त्याच्यावर. काल पेटीतनं काडून उजेडात धरली. एक तार तुटलेली न्हाय. पन एका बाजूचा काठ लाल हाय आन् दुसरा मेंदीच्या रंगाचा. बाजाराला अशी चादर कोन इनतंय? उरलेल्या सुताचीच झाली असंल ती. आन् मला त्या वर्सीची खांडेनवमी आटवली. कारखान्याची किल्ली तुमच्याकडंच असायची, पुजा तुमीच करायचा, बाकी सगळा कारखाना सुनसान. तुमी दिवेलागनीला घरी आला. आई म्हनली, "एवढा उशीर?" तुमी म्हनला, "नारळ फुटंना झाला." आई म्हनली, "दिवसभर नारळ फुटंना?" तुमी हात धुवायला मोरीत गेला. तुमच्या केसात सुताची फुनगी व्हती. बंद कारखान्यातनं आलेल्या मानसाच्या केसात.

असंल बी. नसंल बी. "तिच्या" म्हंजी तिच्या लग्नात, का तिच्या तापात, का तिच्या शाळंच्या वक्ताला, आता कोन सांगनार. तुमी ज्यो नियम माज्यासाटी मोडला त्योच मी तुमच्यासाटी पाळला, आन् त्यात तुमीच गेला. ह्याच्यावर हसावं का काय करावं मला कळंना.

झालं. ह्ये कागद कुनाला दाखवायचे न्हायेत. घडी घालून चादरीच्या पोटात ठिवते, त्या डिस्कच्या शेजारी. एक तेवढं सांगायचं ऱ्हायलं. काल दुपारी दाराला कडी घातली, ती डिस्क हातात घेतली आन् तिला कान लावला. डोळे मिटून, तुमी लावायचा तसा. गार लोखंड. काय बी ऐकू आलं न्हाय. तरी शेंगा भाजायला ठिवल्यात ह्ये इसरून लई वेळ तशीच बसले, आन् सगळ्या करपल्या. पोरीला सांगू नगा हां.