पेडल दगड झालं होतं

६ मे
पाय ब्रेकवरच होता! पुन्हा लिहिते — ब्रेकवरच. पेडल दगडासारखं घट्ट झालं आणि आबांची ती जुनी दोन सीटची स्पोर्ट्स गाडी उतारावर थांबलीच नाही. बाभळीवर गेली. शेजारी बसलेल्या आबांचा, माझ्या सासऱ्यांचा पाय मोडला. घरातल्या सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या माझ्याकडून गेल्या. आता कडा गावातल्या बँकेत नोकरीला जायचं तर दीर नेणार, दीर आणणार. त्यांना सवड असेल तेव्हा!

आत्याबाई आल्यागेल्याला सांगतात, "बाईच्या हाती स्टेअरिंग दिलं की आसंच व्हायचं." सासूच ती!

७ मे
अमरसिंह म्हणाले, "मिटव की आता. चुकतो मानसाचा पाय." नवराच असं म्हणतो! माहेरी दिंद्रुडला बाबांच्या गॅरेजात गाड्यांखाली लोळत वाढले मी. नाही मिटवणार.

९ मे
मडगार्ड चेपलंय, इंजिन धडधाकट. सर्व्होच बिघडलाय, पैज लावते. इंजिनाची ओढ घेऊन ब्रेकवरच्या पायाला जोर देणारा डबा तो. बंद गाडीत पेडल चार-पाचदा दाबायचं, मग दाबून धरूनच इंजिन चालू करायचं. पेडल खाली गेलं की सर्व्हो ठीक.

गेलं. अगदी अलगद. तेवढ्यापुरती किल्ली देणारे दीर, सुरजभावजी, बघत उभे. "वैनी, ब्रेक तर एक नंबर हाय. पाय चुकला म्हना की!" शेडबाहेर येईपर्यंत रडू दाबलं.

१० मे
जेवले नाही. कुणी विचारलंही नाही.

१२ मे
गाढव मी! गार गाडी तपासली. त्या दिवशी भर उन्हात आष्टीहून येत होतो.

आज दुपारी भावजींकडून पुन्हा किल्ली मागून घेतली, बॉनेट लावून इंजिन नुसतं तापू दिलं. मग पेडल दाबलं — दगड! बॉनेट उघडलं तर सर्व्होकडे जाणारा पाइप ओढीनं पार चपटा. आणि पाइप कसला? उसाच्या ठिबकचा, तारेनं आवळलेला! गार असताना ताठ, तापला की मऊ. तिथं जाड रबरी पाइप लागतो, हे कुणाला कळू नये? दुरुस्तीला म्हणून आबांशिवाय गाडीला कोणी हात लावत नाही. म्हणजे —

१३ मे
आबा आज दवाखान्यातून घरी आले. पाइप त्यांच्या खाटेवर ठेवला. सगळ्यांसमोर. आबांनी चष्मा लावून बघितला. "म्या न्हाई लावला. पन पोरीचा पाय ब्रेकवरच व्हता." किल्ल्या मी मागितल्या नाहीत, खुंटीवरून घेतल्या.

१४ मे
आत्याबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं. "तो पाइप मी बसवलता. जुना चिरला व्हता. दुपारी आबा झोपले की उसातल्या रस्त्यानं चालवते मी गाडी. लई वर्सं झाली. गडीमानसांना ठावं हाय, घरात न्हाई."

"मग माझ्यावर आळ आला तवा गप कावून बसलात?"

"माझी पन किल्ली गेली आसती गं."

राग अजून गेलेला नाही. पण म्हटलं, आज जेवताना सगळ्यांसमोर सांगा. तुमची किल्ली कोण काढून घेतो, ते मी बघते.